पन्नास मैलांचा दिवस



सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसास रविवारची पहाट निवांत मिळत असे, तो काळ आता मागे पडला. पूर्वी दूधवाला आणि वर्तमानपत्रवाला एवढेच काय ते उजाडण्यापूर्वी रस्त्यावर दिसावयाचे. आता साडेचारच्या सुमारासच टिळक रस्त्यावरून पावलांचा एकसारखा आवाज येऊ लागतो. दहा-वीस स्त्रीपुरुष, पाठीस पाण्याच्या पिशव्या बांधून, सिंहगडाच्या रोखाने धावत जात असतात. त्यांत कचेरीतील कारकून असतात, डॉक्टर असतात, नातवंडे असलेल्या आजीबाईही असतात. कोठे निघालात म्हणून विचारावे, तर ‘अल्ट्रामॅरेथॉनची तयारी’ असे उत्तर मिळते. मॅरेथॉन शर्यतीचे ठरीव अंतर ४२ किलोमीटर व १९५ मीटर. त्याच्या पलीकडे जी जाते ती अल्ट्रामॅरेथॉन, मग ती ५० किलोमीटरांची असो वा शंभरांची.

पेठेतील जुनी मंडळी या छंदाकडे कौतुकाने पाहतात, पण थोड्या संशयानेही. ‘पोटासाठी धावणारी माणसे ऐकून ठाऊक होती, ही पदरचे पैसे भरून धावतात!’ असे शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला म्हटले. त्यांनी ते थट्टेने म्हटले असेल. पण त्या थट्टेत इतिहासाचा एक मोठा भाग आला आहे. पोटासाठी धावणाऱ्या त्या माणसांविषयी आज आपणांशी बोलावे असे मी योजिले आहे. आणि त्याचा आरंभ आमच्या पेठेच्या नावापासूनच करणे सोयीचे आहे.

ही पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची. नायगाव म्हणून जे लहानसे खेडे येथे होते, त्याच्या जागी थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत ती वसली व पानिपतावर पडलेल्या चुलत्याचे नाव तिला मिळाले. आता ते चुलते पडले ही वार्ता पेशव्यांस कळली कशी? १७६१ च्या जानेवारीची १४ तारीख हा लढाईचा दिवस. नानासाहेब पेशवे त्या वेळी फौजेसह उत्तरेकडे निघाले होते. २४ तारखेस भिलशाच्या मुक्कामी त्यांच्या हाती एक पत्र लागले. ते त्यांच्या नावचे नव्हते, कोणा सरदाराचेही नव्हते. ते होते सावकाराचे. मोती गळाले, मोहरा हरवल्या, अशा पेढीच्या सांकेतिक भाषेत त्यात सर्वनाश लिहिला होता. ते दोन मोती म्हणजे नानासाहेबांचा पुत्र विश्वासराव व बंधू सदाशिवरावभाऊ. पेशव्यांनी ते फोडून वाचले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत पर्वतीवर त्यांचा अंत झाला.

हे पत्र आपणां सर्वांस शाळेपासून ठाऊक आहे. त्यातील मोत्यांचा अर्थ लावण्यात विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण ते आणले कोणी? ग्रँट डफने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात त्या माणसाचा एका वाक्यात उल्लेख केला आहे. तो सावकारांचा कासीद होता आणि पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोहोचण्याचा त्याने करार केला होता. बस्स, एवढेच. त्याचे नाव डफ देत नाही.

कासीद काय किंवा जासूद काय, हा आपल्या मराठी दप्तरांत पानोपानी भेटणारा मनुष्य आहे. याच पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. तेथील मोडी कागद चाळताना ‘जासूद जोडी रवाना केली’ अशा अर्थाची वाक्ये इतक्या वेळा नजरेखालून जातात की पुढेपुढे डोळा त्यांवर ठरत नाही. जोडी का, तर एकास वाटेत चोराने, वाघाने किंवा तापाने गाठले तरी दुसऱ्याने कागद पोहोचवावा. त्यांच्या मजुरीस अजुरा म्हणत. सरकारी जासुदांचा नाईक असे, त्यांची पथके असत. सावकारांचे कासीद वेगळे. पुढे इंग्रजी अमलात डाकेचे हरकारे आले, पण त्यांची गोष्ट निराळी. त्यांना थैली घेऊन एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत काही मैल धावावयाचे आणि तेथे ती दुसऱ्याच्या हाती द्यावयाची. कासीद मात्र शेकडो मैलांचा मार्ग आपल्याच पायांनी तोडीत असे.

आता थोडा हिशेब करू. पानिपतापासून भिलसा, म्हणजे हल्लीचे विदिशा, सुमारे ५०० मैल. औरंगाबाद सुमारे ८००. नऊ दिवसांत ८०० मैल म्हणजे दररोज ९० मैलांच्या जवळपास, म्हणजे साधारण १४५ किलोमीटर. हे शक्य आहे काय? ग्रीस देशातला यियानिस कूरोस नावाचा धावपटू आपल्याच काळातला. त्याने सहा दिवसांत हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. ती मनुष्यशक्तीची जवळजवळ परिसीमा समजली गेली. पण त्याच्या पायाखाली आखीव, सपाट मार्ग होता, हातात अन्नपाणी देणारी माणसे होती, आणि वाटेत चंबळा, बेटवा व नर्मदा नव्हत्या. तेव्हा नऊ दिवसांचा तो करार एका माणसाने पायी पुरा करण्याजोगा मला वाटत नाही. एक तर वाटेत माणसे बदलावयाची असतील, काही मजल सांडणीवरून व्हावयाची असेल, नाही तर करार करताना गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून मुदत कमी सांगितली असेल. ही शेवटची रीत आजही व्यापारात अगदीच अपरिचित नाही.

पण ज्या गोष्टीस तारखेचा आधार आहे ती पाहा. लढाई १४ तारखेच्या दुपारनंतर संपली. तत्पूर्वी असे पत्र निघणे शक्यच नाही. २४ तारखेस ते भिलशास होते. म्हणजे दहा दिवसांच्या आत ५०० मैल, दररोज ५० मैल किंवा थोडे अधिक. नऊ दिवसांच्या औरंगाबादेचा वायदा केव्हाच बुडाला होता. दहाव्या दिवशी अद्याप ३०० मैलांची वाट शिल्लक होती. आणि तरीही जे झाले होते तेच प्रचंड होते. पुष्कळ दिवस माझा या पन्नास मैलांवरही विश्वास बसत नव्हता. कागद म्हणतो म्हणून मानावयाचे, इतकेच.

कागदाचे असे म्हणणे पायांनी तपासून पाहण्याची युक्ती ज्या माणसाने काढली तो इतिहासकार नव्हता. हिरोडोटस सांगतो की इराणी फौज मॅरेथॉनला उतरली तेव्हा अथेन्सने फिडिपिडीस नावाच्या हरकाऱ्यास मदत मागण्यासाठी स्पार्ट्यास पाठविले व तो दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. (स्पार्टावाल्यांनी पौर्णिमा होईपर्यंत निघता येत नाही म्हणून कळविले. मुहूर्त पाहून लढाईस निघणारे आपणच तेवढे, अशी समजूत असल्यास ती सोडून द्यावी.) हे अंतर २४६ किलोमीटरांच्या आसपास भरते. दुसऱ्या दिवशी कसा पोहोचेल, ही भाकडकथा होय, असे म्हणणारे पंडित होतेच. १९८२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या वायुदलातील जॉन फोडेन हा अधिकारी चार सोबत्यांसह अथेन्सहून धावत निघाला. पाचांपैकी तिघे ४० तासांच्या आत स्पार्ट्यास पोहोचले. दुसऱ्याच वर्षापासून त्या मार्गावर शर्यत सुरू झाली. तिची मुदत आज ३६ तास आहे व दरसाल शेकडो माणसे तीत उतरतात. हिरोडोटसचे एक वाक्य असे सिद्ध झाले. निदान अशक्य तरी राहिले नाही.

आणि गंमत अशी की जगाने उचलली ती ही लांब धाव नव्हे. विजयाची वार्ता घेऊन मॅरेथॉनहून अथेन्सला धावत आलेला व वार्ता सांगताच कोसळलेला दूत हिरोडोटसच्या ग्रंथात नाहीच; ती कथा कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची. पण १८९६ साली अथेन्सला ऑलिंपिक सामने नव्याने भरले, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडिताच्या सूचनेवरून त्या कथेची शर्यत झाली, सुमारे २५ मैलांची. ती जिंकणारा स्पिरिडन लुइस हा पाणी वाहणारा मनुष्य होता.

तेच २५ मैल पुढे पुण्यास आले. पेठेच्या पश्चिमेस लाकडी पूल आहे. पानिपतानंतर तो घाईने बांधला गेला असे पुण्यात परंपरेने सांगतात. तो ओलांडला की डेक्कन जिमखाना. ही संस्था १९०६ सालची. पहिले महायुद्ध संपल्यावर तिच्या क्रीडासामन्यांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले. त्या वेळी जे पाहिले ते त्यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस एका पत्रातून कळविले. त्याचा आशय असा की, सामन्यांतील मुख्य शर्यत सुमारे २५ मैलांची होती. धावणारी मुले शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली. युरोपियन नियम व शिक्षण त्यांस ठाऊक नव्हते, पायांत काही नव्हते. तरी त्यांनी लावलेला वेळ युरोप-अमेरिकेच्या वेळेशी तुलना करण्याजोगा होता. त्यांतील तिघांस पुढच्या ऑलिंपिक सामन्यांस आपण पाठवावे असे दोराबजींच्या मनात आले. तिघांचे पुढे सहा झाले. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे हिंदुस्थानचा पहिला चमू उतरला तो असा.

या सहांत मॅरेथॉन धावणारे दोघे होते. एक बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. दुसरे साताऱ्याचे दातार, आणि योगायोग पाहा, त्यांचे नाव सदाशिव. २२ ऑगस्ट १९२० रोजी, थंड व ओलसर हवेत, ही शर्यत झाली. दातारांस ती पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. म्हणजे जगातील सर्वोत्तम माणसाच्या मागे आमचा बेळगावचा मनुष्य सवाअठरा मिनिटेसुद्धा नव्हता. मैदानावरच्या एका फेरीची नव्हे, साडेसव्वीस मैलांची ही गोष्ट आहे. त्याच सामन्यांत कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. तरीही या वीरांची नावे आमच्या पाठ्यपुस्तकांत शोधावी लागतात. ज्या शहराने त्यांस निवडले त्या शहरास तरी ती तोंडपाठ असावयास नकोत काय?

अँटवर्पच्या त्या शर्यतीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. ऑलिंपिकमध्ये त्याहून लांब मॅरेथॉन आजवर झालेली नाही. आजचे ४२ किलोमीटर १९५ मीटर हे माप १९०८ च्या लंडनच्या सामन्यांतले. पण ते सर्वांस बंधनकारक ठरले १९२१ साली. तेव्हा आजच्या व्याख्येवर बोट ठेवून कोणी म्हणेल की चौगुले मॅरेथॉन नव्हे, तर तिच्याहून ५५५ मीटर लांबची अल्ट्रामॅरेथॉनच धावले. हा शब्दच्छल आहे हे मी जाणतो. पण पेठेतल्या पहाटेच्या मंडळींनी आपला वंशवृक्ष काढावयाचा ठरविला, तर मूळपुरुष म्हणून मी हेच नाव सुचवीन.

खरी अल्ट्रामॅरेथॉन, अशी की जिचे नाव आज या मंडळींच्या तोंडी सारखे असते, ती त्याच सुमारास सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत व्हिक क्लॅफम नावाचा आगगाडी हाकणारा मनुष्य महायुद्धात पायी शेकडो मैल तुडवून परत आला होता. मेलेल्या सोबत्यांचे स्मारक दगडाचे नको, धावेचे असावे, असा त्याने ध्यास घेतला. २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरिट्झबर्गहून डरबानला ३४ जण निघाले व १६ पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनने ८ तास ५९ मिनिटे घेतली. अंतर साधारण ५५ मैलांचे. म्हणजे आमच्या कासिदाचा एक दिवस. ही ‘कॉम्रेड्स’ शर्यत आज जगात प्रसिद्ध आहे व पुण्याहूनही पुष्कळ मंडळी तेथे जातात. पण १९२१ साली चौगुले तेथे गेले असते तर त्यांस धावू दिले नसते. सोबत्यांच्या नावाची ही शर्यत १९७५ पर्यंत फक्त गोऱ्या पुरुषांचीच होती. ज्या पीटरमॅरिट्झबर्गहून ती निघाली, त्याच गावच्या स्थानकावर १८९३ साली गांधींस पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरविण्यात आले होते. आज तेथे धावणाऱ्या पुणेकरांनी त्या फलाटावर क्षणभर उभे राहावे; पाय मोकळे होण्यासही ते उपयोगी पडेल.

आता थोडे स्वतःविषयी, कारण त्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. कासिदाच्या पन्नास मैलांवर माझा विश्वास नव्हता हे मी सांगितलेच. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, रोज पर्वती चढण्यापलीकडे ज्याने पायांस काही दिले नाही, अशा माझ्यासारख्या कागदी माणसाने त्या पहाटेच्या मंडळींत नाव घातले. वर्षभर त्यांच्यामागून फरफटलो. मग एका हिवाळ्यात आम्ही सिंहगड, राजगड व तोरणा या तीन किल्ल्यांस जोडणारी वाट धरली, सुमारे ५० किलोमीटरांची. लक्षात घ्या, मैलांची नव्हे. मैलांत ते ३१ भरतात.

कल्याण दरवाजाने आम्ही उतरलो तेव्हा चांदणे होते. डोंगरसोंडेवरून विंझरपर्यंत मी अगदी मजेत होतो. इतका की बरोबरच्या एका तरुणीस मी जासुदांविषयी व्याख्यान देत होतो. तिने मला पुन्हापुन्हा बजावले, ‘काका, बोला कमी, खा जास्त.’ तिचे म्हणणे शास्त्राला धरून होते. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर तास-दोन-तीन तासांच्या जोराच्या श्रमास पुरते. पुढे चरबी जळते, पण ती मंद आचेवर. म्हणून लांब धावणाऱ्याने भूक लागण्यापूर्वी खावयाचे व चढावर मुकाट्याने चालावयाचे असते. मी ऐकले नाही. गुंजवण्याहून राजगडाचा चढ लागला आणि चोर दरवाजाच्या खाली माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तेथे दगडावर बसून मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे खाल्ले, चिक्की खाल्ली, आणि रडावयाचे तेवढे बाकी ठेवले. व्याख्यान केव्हाच संपले होते.

संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी धार तुम्हांपैकी अनेकांनी पाहिली असेल. तीवरून जाताना मी धावत नव्हतो, चालतही नव्हतो. फक्त थांबत नव्हतो. बुधला माची समोर दिसे आणि तासभर तेवढीच दूर राही. वेल्ह्यास उतरलो तेव्हा निघाल्यापासून १३ तास झाले होते. कोणा भल्या घरच्या बाईने ताक दिले. तांब्या धरताना हात कापत होते.

रात्री वाड्यात परतून अंथरुणावर पडलो. सारा वेळ मी चुकीचे गणित करीत होतो, हे तेव्हा ध्यानात आले. पन्नास मैल एका दिवसात तोडणे ही कासिदाची खरी करामत नव्हे. क्लॅफमच्या सोळा सोबत्यांनी ते केले, आणि त्यांतले बहुतेक साधी कामधंद्याची माणसे होती. करामत दुसऱ्या दिवशीची आहे. पहाटे उठून, सुजलेले पाय पुन्हा वहाणांत घालून, आणखी पन्नास मैल. आणि तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास. त्यात जानेवारीची थंडी, मागे अब्दालीचे स्वार, आणि कमरेस बांधलेल्या त्या कागदात काय आहे हे त्यास बहुधा तोंडी कोणी सांगावयास नको होते. पानिपताहून निघालेल्या माणसाने ते डोळ्यांनीच पाहिले असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाड्याचा जिना पाठमोरा उतरावा लागला, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत. खाली चौकात ते वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, थोडे सरकून कट्ट्यावर मला जागा दिली, आणि काही विचारले नाही.